मॅटचा पुढचा खांदा

मॅट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. काथ्याची जाडजूड, लांब पट्टी. खाली तांबडी माती चोपून सपाट करायची, वर ही पट्टी अंथरायची, चहूबाजूंनी ताणून लोखंडी खिळ्यांनी ठोकायची. झाली खेळपट्टी. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर मी क्रिकेट शिकवायचो. तिथे हिरवळ म्हणाल तर कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उगवलेलं रानगवत, बाकी सगळी धूळ. मुंबईचा बॅट्समन असा आणि मुंबईचा बॅट्समन तसा, म्हणून लोक कौतुकानं बोलतात ना, त्यातले कितीतरी असल्याच काथ्यावर गुडघे सोलून घेत मोठे झालेत.

काथ्या पावसात कुजतो. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी खिळे उपटायचे, मॅट गुंडाळायची आणि खांद्यावरून शाळेमागच्या खोलीत नेऊन ठेवायची. हे काम पोरांचं. पण माझ्या मैदानावर त्याची एक रीत होती. मी नावं पुकारायचो. ज्याचं नाव आलं त्यानं पुढे यायचं, मॅटला खांदा द्यायचा. ज्याचं आलं नाही त्यानं समजून घ्यायचं, की पावसाळा संपल्यावर आपण इकडे यायचं नाही. आणि मॅटचा पुढचा खांदा त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या पोराचा. कप नाही, बिल्ला नाही, काही नाही. तरी त्या पुढच्या खांद्यासाठी पोरं वर्षभर जीव टाकायची.

ही रीत मी का काढली? कारण तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. लोकांना वाटतं कोचचं काम शिकवणं. अरे, शिकवायला काय लागतं? पाय बॉलच्या जवळ ने, डोकं हलवू नकोस, बॅट सरळ खाली आण. हे मी रोज सकाळी इतक्या वेळा बोलायचो की घरी जेवतानाही बायकोला 'डोकं हलवू नकोस' म्हणायचो. खरं अवघड काम म्हणजे बापाला सांगणं, की तुमचा मुलगा चांगला आहे, पण तेवढा चांगला नाही. बापाचा चेहरा त्या वेळी जसा होतो तसा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

नमुने तर काय एकेक. घाटकोपरचे एक कापडवाले शेठ पोराला गाडीतून आणायचे. पोराची बॅट धरायला वेगळा माणूस. शेठाणी म्हणाल्या, "सर, याला फील्डिंग देऊ नका हां, उन्हात काळा पडतो." दुसरे एक गृहस्थ नाहूरचे, मुलाची पत्रिकाच घेऊन आले. म्हणाले, विसाव्या वर्षी देशाकडून खेळायचा योग आहे, तुम्ही फक्त तोवर सांभाळा. मी म्हटलं, "मग पत्रिकेलाच पॅड बांधून पाठवा ना नेटमध्ये." ते रागावून गेले ते परत आले नाहीत. असल्यांना नाही म्हणायला मला कधी जड गेलं नाही. सगळ्यात जड गेलं ते एकदाच, आणि ते नाही खोटं होतं. आज ते लिहायचं ठरवलंय, कारण ज्याच्यापासून लपवायचं होतं तो माणूस आता या जगात नाही, आणि ज्याची गोष्ट आहे त्यानं लिहायला परवानगी दिली आहे.

विलास गुरव भांडुपचा. टेकडीवरच्या चाळीत घर. वडील मूळचे देवगडकडचे, त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा गिरणीत होते तेव्हा गिरणीच्या टीममधून खेळायचे. मग संप झाला, गिरणी गेली, आणि आप्पा एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. सकाळी ड्युटी सुटली की खाकी कपड्यातच, हातात डबा, थेट मैदानावर. पोरगं तोवर भांडुपहून चालत आलेलं असायचं.

पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले, "सर, पोर माझा हा. चांगला असला तर ठेवा, नसला तर हाकलून द्या. माका वाईट वाटाचा नाय."

मी विलासला नेटमध्ये उभा केला. बारा-तेरा वर्षांचा, हडकुळा, पॅड मांडीपर्यंत आलेले. आमचा सगळ्यात जोरात टाकणारा पोरगा मुद्दाम आणला. पहिलाच बॉल उसळला, विलासनं मागच्या पायावर जाऊन तो इतका आरामात खाली दाबला, की मी पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा तेच. त्याला बॉल इतरांपेक्षा आधी दिसायचा. हे शिकवून येत नाही, बाबांनो. कोचच्या आयुष्यात असं पोर एखादंच येतं, आणि आलं की कोचला रात्री झोप लागत नाही.

"कुठे शिकला रे?" मी विचारलं.

"आप्पा टाकतात ना घरी," तो म्हणाला.

आप्पांचा हात खरंच सरळ होता. सुट्टीच्या दिवशी चाळीच्या वरच्या अंगाला, जिथे थोडी सपाट जागा होती, तिथे अर्ध्या अंतरावरून ते पोराला बॉल फेकून द्यायचे. जिथे म्हणाल तिथे टप्पा. उजवा हात दाखवून मला म्हणायचे, "सर, नोकरी गेली, पण ह्यो अजून माझो हा."

दोन वर्षं पोरगं झकास वाढलं. पुढचा खांदा दोन्ही वर्षी त्याचाच. मुंबईच्या शालेय संघाच्या निवडीसाठी मी त्याचं नाव पाठवायचं ठरवलं होतं. आप्पांनी चाळीत कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला वाटतं सगळ्या चाळीला माहीत होतं.

आणि तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, विलासचं काहीतरी बिघडलं.

आधी बिघाड बारीक होता. ड्राइव्ह मारायचा, पण बॅट थोडी आधीच जायची, बॉल हवेत उडायचा. स्लिपमध्ये हातात बसणारे कॅच बोटांवर लागून पडायचे. मग त्याचं उभं राहणंच बदललं. उजव्या हाताचा बॅट्समन आडवा उभा राहतो, डावा खांदा बॉलरकडे. हा हळूहळू छाती बॉलरकडे करायला लागला, मान पार डावीकडे वळवून. मी ओरडायचो, "विल्या, साइड-ऑन!" तो सरळ व्हायचा, आणि पुढचाच बॉल चुकवायचा. बाकीची पोरं कुजबुजायची, याची वाट लागली म्हणून.

आप्पांनी कारण शोधून काढलं. नेटच्या पलीकडे, बॉलरच्या पाठीमागे, एका बिल्डिंगच्या गॅलऱ्या होत्या. तिथे साड्या, चादरी, पोरांचे कपडे वाळत असायचे. आप्पा म्हणाले, "सर, मागे एवढे रंग. लाल बॉल दिसतलो कसो पोराक?" दुसऱ्या दिवशी ते घरून दोन बांबू आणि एक पांढरी चादर घेऊन आले. बायकोनं पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली. बांबू रोवले, चादर ताणून बांधली, आणि स्वतः क्रीजवर वाकून बघून आले, बॉलरचा हात नेमका चादरीवर दिसतो ना. मोठ्या मैदानांवर याला साइट-स्क्रीन म्हणतात, आमच्याकडे आप्पांची चादर म्हणायचे.

रोज सकाळी रात्रपाळीहून आल्यावर ते आधी चादर बांधायचे, आणि जाताना घडी करून डब्याच्या पिशवीत भरायचे. बाकी पोरांची बॅटिंग त्या चादरीनं सुधारली. विलासची नाही सुधारली. आप्पा चादर कधी वर घ्यायचे, कधी खाली, कधी दोन हात डावीकडे.

मला कळलं ते नेटमध्ये नाही, चहाच्या टपरीवर. प्रॅक्टिस संपल्यावर पोरांना मी चहा पाजायचो. टपरीवाल्यानं ग्लास पुढे केला, विलासनं हात नेला, आणि त्याचा हात ग्लासच्या अलीकडेच मिटला. हवा पकडली त्यानं. लगेच हसल्यासारखं करून पुन्हा हात पुढे नेला.

मी त्याला भिंतीमागे घेऊन गेलो. त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि दुसरा हात समोर धरला. "किती बोटं?"

त्यानं मान पुढे काढून बघितलं. मग म्हणाला, "सर, आज उजेड कमी आहे."

ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपतीच्या सुट्टीत आप्पा त्याला बॉल फेकून देत होते. एक बॉल दगडाच्या कडेला लागून उडाला आणि थेट डाव्या डोळ्यावर. हेल्मेट कुठलं हो तेव्हा, आमच्या पोरांना धड ग्लोव्हज नसायचे. डोळा सुजून बंद झाला. आप्पांनी ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, पोराला मांडीवर घेऊन बसले, कामावर गेले नाहीत. आठवड्यात सूज उतरली, डोळा उघडला, आधीसारखाच दिसायला लागला, म्हणजे दुसऱ्यांना. आप्पांनी गणपतीला नारळ फोडला. विलासला मात्र कोपऱ्यातून काळं काहीतरी आत सरकताना दिसायचं, रोज थोडं. निवड जवळ आली होती. कुणाला सांगितलं तर खेळणं बंद होईल म्हणून पोरगं गप्प बसलं.

"आप्पांना माहीत आहे?"

"नाही. सर, प्लीज सांगू नका ना."

त्याच्या आईला मी निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि तिघं मिळून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर भला माणूस होता. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, आतला पडदा सुटलाय, मार लागल्या लागल्या आणला असतात तर काहीतरी करता आलं असतं, आता फार उशीर झालाय. आणि दुसरा डोळा जपा. कडक बॉलनं खेळायचं नाही. कधीच नाही.

बाहेर बाकड्यावर आम्ही बसलो. त्याच्या आई, म्हणजे वहिनी, पदर तोंडाशी धरून बराच वेळ रडल्या. मग पदर खाली केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, ह्यांका कळता नये."

"अहो वहिनी, डोळा गेलाय पोराचा. बापाला सांगायला नको?"

"कोणाच्या हातान गेलो, ता बघा ना," त्या म्हणाल्या. "गिरण गेली तेव्हा हो माणूस सहा महिने भिंतीकडे तोंड करून निजलेलो. ह्या पोराच्या खेळान उठलो. आता त्येंका कळला की आपल्याच हातान... तर ते जगूचे नाय. माका ठाऊक हा."

मी विलासकडे पाहिलं. तो बूट जमिनीवर घासत होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही सांगा ना, की मी कमी पडलो. मला जमत नाही म्हणून काढलं, असं सांगा. तुमचं ते ऐकतील."

पंधरा वर्षांचं पोर. मी हो म्हटलं. निवडीसाठी त्याचं नाव पाठवलं नाही, मनगट दुखावलंय असं आप्पांना खोटंच सांगितलं, आणि मेपर्यंत त्याला नुसती कॅचची हलकी प्रॅक्टिस देत राहिलो, तीही टेनिसच्या बॉलनं. आप्पांना ते काही पटत नव्हतं, पण कोचच्या कामात बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता. ते चादर बांधत राहिले.

मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. आप्पा त्या दिवशी खाकीत नव्हते. पांढरा शर्ट घालून, दाढी करून आले होते. पुढचा खांदा पोराचाच, ही त्यांची खात्री. पोरांनी खिळे उपटले, मॅट गुंडाळली. मी नावं पुकारायला लागलो. एकेक पोरगं पुढे येऊन उभं राहिलं. शेवटी पुढचा खांदा मी दुसऱ्याला दिला, मुलुंडच्याच एका पोराला. तो बिचारा पुढे येईना, विलासकडेच बघत राहिला.

आप्पा हसत पुढे आले. म्हणाले, "सर, विलास रवलो."

"राहिला नाही, आप्पा," मी म्हटलं. "त्याचं नाव नाही."

आप्पांना आधी ते कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "काय कमी पडला त्याका?"

आता मला खेळातलं कारण द्यायचं होतं, कारण या माणसाला खेळ कळत होता. मी म्हटलं, "पाय हलत नाहीत. आणि बॉलला घाबरतो आप्पा तो. पुढचं क्रिकेट त्याला झेपणार नाही."

माझ्या हाताखालच्या सगळ्यात निडर पोराला मी सगळ्यांसमोर भित्रा म्हटलं. विलास तिथेच उभा होता. मान खाली घालून त्यानं ते ऐकून घेतलं, आणि आपलं काम नीट केलं.

"घाबरता?" आप्पांचा आवाज चढला. "माझा पोर घाबरता? अहो, ह्या हातान घडवलंय मी त्याका!" त्यांनी उजवा हात माझ्या तोंडासमोर धरला. "ह्या हातान!"

मी त्या हाताकडे बघू शकलो नाही. विलास एकदम पुढे आला आणि म्हणाला, "आप्पा, सर बरोबर बोलतायत. मला भीती वाटते. चला घरी."

आप्पा बांबूंपाशी गेले. चादर सोडली. रोज नीट घडी करायचे, त्या दिवशी बोळा करून काखेत मारली. फाटकाशी जाऊन मागे वळले आणि मला जे बोलायचं ते बोलले. वशिल्याची पोरं घेतोस, गरिबाचं पोर दिसत नाही तुला, तुझ्यासारख्यानं खेळाची माती केली. पहिल्यांदाच ते मला अरेतुरे बोलले. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मॅट खोलीत ठेवून आल्यावर मी तिथेच अंधारात तिच्यावर बसलो आणि पोटभर रडलो.

पुढच्या वर्षी भांडुपहून एकही पोरगं माझ्याकडे आलं नाही. आप्पांनी सगळीकडे सांगितलं होतं. मुलुंडच्या बाजारात ते कधी दिसले तर मला बघून रस्ता बदलायचे. एकदा रस्ता बदलायला जागा नव्हती, तेव्हा बरोबरच्या माणसाला मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो बघ. ह्याका म्हणे क्रिकेट कळता." मी भाजीच्या पिशव्या घेऊन पुढे गेलो. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू? इतकी वर्षं मैदानावर घासून कमावलेलं माझं नाव त्या टेकडीवर कुजलं, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. पण आप्पा चिडलेले होते, भिंतीकडे तोंड करून निजलेले नव्हते. रात्रपाळीला जात होते, माझ्या नावानं बोटं मोडत होते. वहिनींनी मागितलं होतं ते एवढंच.

विलासनं दहावी केली, मग आयटीआय. डावीकडून कुणी आलं की दचकायचा, असं कुणीतरी सांगायचं. तो स्वतः कधी भेटला नाही. मीही शोधायला गेलो नाही.

दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पुन्हा मे महिन्यातला शेवटचा रविवार. पोरं खिळे उपटत होती. फाटकातून एक उंच तरुण आला. डोकं भादरलेलं, नुकते केस फुटत होते. मान थोडी डावीकडे वळवलेली. ती मान मी कुठूनही ओळखली असती.

"आप्पा गेले, सर," तो म्हणाला. "तेरावं झालं."

मला कळलं नव्हतं. मला कोण कळवणार? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं पिशवीतून ती चादर काढली, धुऊन, घडी घालून आणलेली. "आईनं दिलीय. म्हणाली, सरांच्या पोरांना होईल."

"आजच बरा आलास," मी म्हटलं.

"मॅट आज उचलतात ना," तो म्हणाला. "म्हणून आलो."

थोडा वेळ आम्ही पोरांचं काम बघत उभे राहिलो. आप्पांना खरं कधी कळलं का, हे मला विचारायचं होतं. शेवटी तोच बोलला. "सर, आप्पा तुम्हाला शेवटपर्यंत शिव्या घालत होते."

"शेवटपर्यंत?"

"हो. आदल्या दिवशीसुद्धा. त्या कोचनं माझ्या पोराची वाट लावली म्हणाले. मला जवळ बसवलं होतं, माझा हात धरला होता त्यांनी."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"मग बरं झालं रे," मी म्हटलं. त्यानं मान आणखी वळवून मला आपल्या उजव्या डोळ्यात घेतलं. त्याचे दोन्ही डोळे भरले होते.

पोरं मॅट गुंडाळून माझ्याकडे बघत थांबली होती. मी नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक जण येऊन मॅटपाशी उभा राहिला. पुढची जागा तेवढी रिकामी राहिली. त्या वर्षीचा माझा सगळ्यात चांगला बॅट्समन शर्ट खोचून तयारच उभा होता. त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं.

"विलास गुरव," मी म्हटलं. "पुढे."

तो हलला नाही. मी पुन्हा नाव घेतलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, पलीकडच्या गॅलऱ्यांपर्यंत जाईल असं. मग त्यानं चपला काढल्या, वाकला, आणि मॅटला खांदा दिला.